द वॉकिंग डेड, सीझन ९ : नवी खलटोळी आणावी तर अशी (रहस्यभेद आहेत!)

बखरकर

सीझन ९ आणि १० मधली सगळी रहस्यं खाली उघडी पडलेली आहेत. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी इथूनच मागे फिरावं.

धागा या अमेरिकन झोंबी मालिकेतल्या व्हिस्परर्सवर (मेलेल्यांची कातडी पांघरून त्यांच्या कळपात राहणारी टोळी) आहे, पण ती टोळी पुढे किती गाजली किंवा किती ताणली गेली यावर नाही. ती मालिकेत आणली कशी, एवढ्यावरच बोलू. कारण परिस्थिती वाईट होती. गव्हर्नर येऊन गेला, टर्मिनसचे नरभक्षक येऊन गेले, वुल्व्हज, निगनचे सेव्हियर्स, कचऱ्याच्या डोंगरात राहणारे स्कॅव्हेंजर्स. सीझन ७ चा पहिला भाग (२३ ऑक्टोबर २०१६) अमेरिकेत सुमारे १ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला होता. सीझन ९ चा पहिला भाग (७ ऑक्टोबर २०१८) पाहणारे ६१ लाखांच्या आसपास उरले. शोरनरच्या (मालिकेच्या प्रमुख लेखक-निर्मात्याच्या) खुर्चीत अँजेला कँग नव्याने बसलेल्या. त्यात पाचव्या भागात नायक रिक गेला आणि कथा एकदम सहा वर्षं पुढे गेली. अशा वेळी "आता आणखी एक वाईट टोळी" म्हटल्यावर लोकांनी टीव्ही बंदच करायचा.

आता क्रम बघा.

भाग ६ : नायकांच्या गटातले रोझिटा आणि युजीन रेडिओचा पल्ला वाढवायला पाण्याच्या टाकीवर यंत्र बसवायला जातात. वॉकरांचा (चालत्या मेलेल्यांचा) कळप येतो. त्या गडबडीत युजीनचा पाय दुखावतो, दोघं चिखलात अंग लपवून पडून राहतात. कळप डोक्यावरून जातो आणि त्या घरघरीतून कुणीतरी बोलतं, की ते कुठे गेले, जवळच असतील, सोडू नका. भाग संपला. चेहरा नाही, नाव नाही.

भाग ७ : रोझिटा सापडते, युजीन नाही. टोळीचा धागा जेमतेम दोन पावलं सरकतो.

भाग ८ (२५ नोव्हेंबर २०१८) : युजीन सापडतो आणि आपला सिद्धांत मांडतो, की मेलेले बदलायला लागलेत. डॅरिल आवाज करून कळप दुसरीकडे वळवायला बघतो, कळप वळत नाही. मग धुक्यातलं कब्रस्तान. नायकांच्या गटातला जीझस तलवार फिरवतो, समोरचा वॉकर खाली वाकून वार चुकवतो आणि त्यालाच भोसकतो. नंतर प्रेताच्या डोक्यामागे टाके दिसतात, कातडं सोलून निघतं, आत माणूस.

भाग ९ (१० फेब्रुवारी २०१९) : टोळीतली लिडिया जिवंत हाती लागते आणि भाग संपता संपता टोळीच्या म्होरकीचं, अल्फाचं दर्शन होतं.

भाग १० : लिडियाच्या तोंडून टोळीचा इतिहास, आणि शेवटी अल्फा नायकांच्या हिलटॉप वस्तीच्या फाटकाशी उभी. मागणी एकच : माझी मुलगी द्या.

आधी लक्षण, मग चुकीचं निदान, मग जीव, मग चेहरा, मग मागणी. झोंबी मालिकेत टोळी आणायचा याहून नेटका क्रम माझ्या पाहण्यात नाही. मतभेद असतील तर मांडा.

निशाचर

क्रम मान्य. माझ्या मते त्याच्याही आधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते २०१० मध्येच झालं होतं. सीझन १ च्या दुसऱ्या भागात रिक आणि ग्लेन अंगाला आतडी-रक्त फासून अटलांटाच्या रस्त्यावरून वॉकरांमधून चालत जातात. पाऊस येतो, वास धुतला जातो, वॉकर पाठी लागतात. नियम तेव्हाच ठरला : वास मेलेल्याचा असेल आणि हालचाल संथ असेल, तर तुम्ही त्यांच्यातले. पुढे मिशॉन हात आणि जबडे नसलेले दोन वॉकर साखळीला बांधून फिरवायची, तोही तोच नियम.

मग प्रेक्षक वर्षानुवर्षं विचारत राहिला, की एवढं सोपं आहे तर हे लोक रोजच का असं करत नाहीत? व्हिस्परर्स हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे : कुणीतरी रोजच करतंय. म्हणून ते बाहेरून आणून चिकटवलेले वाटत नाहीत.

नवी टोळी लिहिताना पहिली यादी शस्त्रांची करू नये. आपल्या जगातल्या नियमांची करावी (मेलेले काय ऐकतात, काय हुंगतात, कशाने थांबतात) आणि प्रत्येकापुढे लिहावं, की हा नियम कुणी धंदा म्हणून पाळला तर तो माणूस कसा जगेल, काय खाईल, कुठे झोपेल. त्यातून जी टोळी निघेल ती टिकते.

कुरकुरे मास्तर

जीझसचा बळी वाया घालवला. मालिका ज्यावरून बनली त्या कॉमिकमध्ये याच कथानकात तो जगतो. तिथे अंक १३२ मध्ये (ऑक्टोबर २०१४) टोळीचा उलगडा होतो, आणि मुखवट्यामागे माणूस आहे हे त्याच्याच झटापटीतून कळतं. मालिकेने तोच प्रसंग घेतला आणि माणूस मारून टाकला. शिवाय आधीच्या दोन सीझनमध्ये त्याला धड काम नव्हतं. ज्याला तुम्ही कोपऱ्यात बसवून ठेवलं, त्याच्या मरणाने हादरा कसा बसणार?

बखरकर

मास्तर, पात्र वाया गेलं हे शंभर टक्के मान्य. प्रसंग वाया गेला हे नाही. त्या जागी कोण मरायला हवं होतं याचा हिशोब करा. दुबळा मेला असता तर नवीन काहीच कळलं नसतं, दुबळे रोज मरतात. गटातला सर्वात चपळ लढवय्या मरतो आणि मरण्याचं कारण त्याची चूक नसते. वॉकर वाकत नाहीत हे आठ वर्षांचं ज्ञान त्याने वापरलं आणि त्या ज्ञानानेच त्याला मारलं. प्रेक्षकालाही तेच ठाऊक होतं, त्यामुळे त्या एका वाकण्याने त्याचा आत्मविश्वास जातो.

चिंगी_ऑडिओ

ध्वनीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

सहाव्या भागातली कुजबुज चालते, कारण ती घरघरीच्या बरोबरीच्या पातळीवर ठेवलीय. पहिल्या ऐकण्यात "काहीतरी बोललं का?" असं वाटावं आणि दुसऱ्या वाक्याला खात्री पटावी. हे मिश्रण करताना तीन ठिकाणी बोंब होते.

एक, कुजबुज स्टुडिओत कोरडी ध्वनिमुद्रित करून वरून चिकटवली की ती कळपाच्या बाहेरून येते. तिच्यावर त्याच जागेचा घुमारा हवा, आणि डावी-उजवीकडून थोडी सरकायला हवी, कारण बोलणारा चालतोय. दोन, कुजबुजीत स्वरयंत्र कंप पावत नाही, म्हणजे सूर नसतो. उरते ती श्वासाची खरखर आणि "स", "श", "च", "ट" असली व्यंजनं. वॉकरांची घरघर खालच्या पट्टीत असते, त्यामुळे दोन्ही एकमेकांवर न चढता ऐकू येतात. पण पार्श्वसंगीतात व्हायोलिनचे तीव्र सूर सोडलेत तर ती व्यंजनं बुडतात. त्या वीस-तीस सेकंदांत संगीत बंद ठेवा. तीन, सबटायटल. "[कुजबुज]" असं पडद्यावर कुजबुजीच्या अर्धा सेकंद आधी उमटलं की खेळ खलास. आवाज ऐकू आल्यावर वाक्य दाखवा आणि बोलणाऱ्याचं नाव लिहू नका.

सुमतीकाकू

चिंगी, छान. यात आणखी एक जोड. नायकांच्या गटातल्या कॉनीचं काम करणारी लॉरेन रिडलॉफ कर्णबधिर आहे, पात्रही तसंच. आवाजावर जगणाऱ्या टोळीसमोर आवाज न ऐकू येणारी बाई उभी केली, आणि अकराव्या भागात तिलाच ते तान्हं बाळ दिसतं. अल्फाच्या माणसांतल्या एका आईचं बाळ रडायला लागतं, वॉकर वळतात, अल्फा खांदे उडवते आणि आई बाळाला जमिनीवर ठेवून सरकते. टोळीचा कायदा काय आहे याचं अख्खं भाषण त्या खांदे उडवण्यात आलं. कॉनी मक्याच्या शेतातून धावत जाऊन बाळ उचलते. मला विचाराल तर व्हिस्परर्सची खरी ओळख तिथे होते, कब्रस्तानात नाही.

निशाचर

+१ काकू. आणि पुढच्याच भागात कायद्याची दुसरी बाजू. नेतृत्वाला कुणी आव्हान देऊ शकतं. दिलं, आणि अल्फाने तारेने त्या बाईचं डोकं उतरवून तिच्या जोडीदाराच्या हातात दिलं. दोन भागांत दोन नियम, दोन्ही कृतीतून. समजावणारं संवादांचं पान एकही नाही.

अर्धवटराव

एवढं कौतुक चाललंय तर थोडं पाणी ओततो.

१) मुखवटे. ओलं कातडं उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत कुजायला लागतं. चरबी खरवडा, मीठ लावा (कच्च्या कातड्याच्या वजनाइतकं मीठ लागतं), मग साल किंवा धूर देऊन कमवा. रानात फिरणाऱ्या टोळीला एवढं मीठ कुठून?
२) कमावलेल्या कातड्याला मेलेल्याचा वास उरेल का?
३) झोपतात कसे? घोरणारा एक जरी निघाला तरी संपलं.
४) शेकड्यांनी वॉकर हाकायचे तर कडेने चालणारे किती लागतील? मालिका आकडा देत नाही.
५) हेन्री-लिडियाची प्रेमकथा. नको ते.

बखरकर

५ ला माझा पास. कॉमिकमध्ये ती कथा रिकच्या मुलाची, कार्लची होती. कार्लला सीझन ८ मध्ये मारून टाकल्यावर (त्या निर्णयावर वेगळा धागा काढा, मीही येतो शिव्या द्यायला) ती हेन्रीच्या गळ्यात पडली. कार्लला आपण लहानपणापासून बघितलेलं, हेन्री सहा वर्षांच्या उडीतून एकदम मोठा होऊन आलेला. दुसऱ्याच्या मापाचा शर्ट तो.

१ ते ४ बद्दल : परिचयाच्या टप्प्यावर यातलं काहीही सांगायचं नसतं. पण लिहिणाऱ्याच्या कागदावर मात्र सगळ्याचं उत्तर हवं. प्रेक्षक पहिल्या तीन भागांत "हे काय आहे" विचारतो. "हे जमतं कसं" हा प्रश्न भीती थोडी ओसरल्यावर येतो. मालिकेने अल्फाच्या उजव्या हाताच्या, बीटाच्या अर्ध्या मुखवट्याचा उगम थेट सीझन १० च्या दुसऱ्या भागात दाखवला. तोपर्यंत त्याची गरजच पडली नाही.

पडद्यामागचा

अर्धवटरावांच्या ४ ला उत्तर. कळप हाकायचा प्रसंग लिहिणाऱ्यांसाठी कामाचं.

कळप आतून हाकता येत नाही, कडेने हाकावा लागतो. पुढे दोन जण दिशा देणारे, बाजूंना दर दहा-बारा पावलांवर एक, मागे दोन रेंगाळणाऱ्यांना ओढणारे. शंभराच्या कळपाला साधारण दहा-बारा माणसं धरा. हा हिशोब मालिकेतला नाही, दृश्य पटावं म्हणून ठरवायचा आहे. एकदा ठरवला की पाळायचा. पहिल्या प्रसंगात बारा माणसं शंभर हाकतात आणि शेवटाला तेवढीच माणसं दहा हजार हाकतात, असं झालं की लोक हसतात.

चित्रीकरणात मुखवटेवाला आणि साधा वॉकर यांत फरक किती दाखवायचा हा मोठा पेच असतो. पहिल्या दोन प्रसंगांत फरक दिसलाच नाही पाहिजे, पण नंतर कुणी मागे जाऊन पाहिलं तर सापडला पाहिजे. त्याच्या जागा तीन : डोळे (मेलेल्याचे लेन्स लावून धुरकट करतात, मुखवटेवाल्याचे तसेच ठेवायचे), मानेची शिवण, आणि टाच. वॉकर पाय ओढतो, मुखवटेवाला ओढण्याचं नाटक करतो पण तोल जात नाही. ज्युनिअर कलाकारांना वॉकरचं चालणं शिकवताना मुखवटेवाल्यांची तालीम वेगळी घ्या. एकत्र घेतली तर दहा मिनिटांत सगळे एकसारखे चालायला लागतात.

मुखवट्याचं साहित्य : सिलिकॉन जवळून खरं दिसतं पण जड आणि गरम, घाम डोळ्यांत उतरतो. फोम लेटेक्स हलकं, पण जवळच्या शॉटमध्ये पृष्ठभाग उघडा पडतो. संवाद असलेल्या चार-पाच जणांना सिलिकॉन, मागच्या रांगांना लेटेक्स. तोंडाची फट ओठांपेक्षा थोडी मोठी ठेवा, नाहीतर शब्द आतच अडकतो आणि सगळं बोलणं पुन्हा डब करावं लागतं.

कुरकुरे मास्तर

टाच! आता सहावा भाग परत बघणं आलं.

रानडुक्कर

नवव्या भागातली पुलावरची युक्ती राहिली. कळपात माणूस कोण, मेलेला कोण हे ओळखायला डॅरिल डोक्याऐवजी पायांवर बाण मारतो. ओरडला तो माणूस. इथे नायक पहिल्यांदा शिकतात. गूढ उघडल्यावर लगेच पुढच्या भागात नायकांना एक चाचणी सापडायला हवी, नाहीतर ते मूर्ख दिसतात आणि आपण चिडतो.

बखरकर

रानडुक्कर, नेमकं. आणि यातच निगनच्या वेळची चूक दिसते.

निगनचं नाव सीझन ६ च्या मध्यापासून ऐकू येत होतं. चेहरा शेवटच्या भागात (३ एप्रिल २०१६). बॅट उगारली, कुणाच्या तरी डोक्यात बसली, आणि कोण मेलं हे सांगायला २३ ऑक्टोबर उजाडला. २९ आठवडे. लोक निगनवर चिडायच्या ऐवजी लेखकांवर चिडले. पुढच्या सीझनमध्ये उत्तर आलं तेव्हा ते इतकं लांबवून, इतकं रक्ताळलेलं आलं, की बऱ्याच जणांनी तिथेच रामराम ठोकला.

व्हिस्परर्सच्या वेळीही मधला खंड होता, २५ नोव्हेंबर ते १० फेब्रुवारी, ११ आठवडे. पण खंडाआधी दोन्ही उत्तरं दिली : मेला कोण, जीझस. वॉकर बोलतात का, नाही, आत माणसं आहेत. सुटीवर जाताना प्रेक्षकाच्या हातात नवा प्रश्न होता, की कातडी पांघरून मेलेल्यांत राहावंसं वाटणारी माणसं असतील तरी कशी? पहिल्या प्रकारात माहिती लपवलेली असते आणि ती लपवणारा दिसतो. दुसऱ्या प्रकारात माहिती दिलेली असते आणि तीच पुरेशी नसते.

निशाचर

बाकीच्या टोळ्यांचा जमाखर्चही मांडून टाकू.

गव्हर्नर : सीझन ३ चा तिसरा भाग, एकाच भागात सगळं. आधी सभ्य माणूस, सुंदर गाव, आणि शेवटी बंद खोलीत काचेच्या टाक्यांत तरंगणारी मुंडकी. छोट्या मालिकेसाठी आजही हाच नमुना बरा.
टर्मिनस : सीझन ४ च्या उत्तरार्धात रुळांलगतच्या पाट्या दाखवून दाखवून उत्सुकता वाढवली, आणि पुढच्या सीझनच्या पहिल्याच भागात कॅरलने तासाभरात सगळं पेटवून दिलं. तो भाग अफलातून, पण टोळी म्हणून गुंतवणूक मोठी आणि वापर तोकडा.
वुल्व्हज : कपाळावर कोरलेलं अक्षर, ठिकठिकाणी प्रेतं. हल्ला जबरदस्त. पण त्यांना हवंय काय हे कधीच नीट कळलं नाही, म्हणून लक्षात फक्त कपाळ राहिलं.
स्कॅव्हेंजर्स : तुटक भाषा, कारण शून्य. थोड्याच वर्षांत लोक व्याकरण का विसरले?
रीपर्स (२०२१) : पुन्हा मुखवटे. पकडलेला माणूस एका नेत्याचं नाव घेतो आणि स्वतःला उडवून देतो. म्हणजे माहितीचा एकमेव झराच बुजवला. इकडे लिडिया जिवंत ठेवली, कोठडीत हेन्रीच्या शेजारी ठेवली, आणि तिला आधी खोटं बोलू दिलं. वडील वाईट, आईने वाचवलं, असं ती सांगते. नंतर कळतं की वडिलांना आईनेच मारलं. टोळीचा इतिहास दोनदा सांगून झाला आणि दोन्ही वेळा आपण कान देऊन ऐकला.

सुमतीकाकू

आणि अल्फा झालेल्या समांथा मॉर्टनबाईंनी टोळीला नुसता आवाज दिला नाही. तो संथ, लाडिक, मध्येच थंडगार होणारा सूर. डोकं खरंच भादरलं त्यांनी.

नवलेखक_८

उत्तम धागा. एक शंका. हे सगळं सोळा भागांच्या सीझनला ठीक. आठ भाग, प्रत्येकी चाळीस मिनिटं असतील तर? आणि पैसे कमी.

पडद्यामागचा

मग असं बसवा.

भाग १ मध्ये टोळी नाहीच. फक्त नियम ठसवा : वासाने फसतात, आवाजाला वळतात. तेही नायकांच्या कामातून, धडा दिल्यासारखं नको. भाग २ च्या शेवटी लक्षण, जास्तीत जास्त अर्धं मिनिट. भाग ३ मध्ये चुकीचं निदान, आणि ते गटातल्या सर्वात हुशार माणसाच्या तोंडी द्या. युजीनच्या तोंडून आलं म्हणून आपण विश्वास ठेवला. मठ्ठ माणसाने सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. भाग ४ : बळी आणि उलगडा एकाच प्रसंगात. भाग ५ : कैदी आणि नेत्याची मागणी, मागणी एका वाक्यात मावणारी. भाग ६ टोळीच्या आत. तिथे त्यांचा एक कायदा मोडला जाताना दाखवा.

पैशांचं म्हणाल तर धुकं. कब्रस्तानातल्या धुक्याने वातावरण तयार होतंच, शिवाय तीसच माणसं आहेत हे झाकलं जातं. वारा असेल तर धूरयंत्राचा उपयोग नाही, धूर टिकत नाही. पहाटे, वारा पडलेला असताना चित्रीकरण ठेवा.

अर्धवटराव

सातव्या-आठव्याचं काय? अल्फाने खांबांवर लावलेली मुंडकी?

बखरकर

मुंडकी करायची असतील तर पंधराव्या भागाचा हिशोब पाहून करा. कॉमिकच्या अंक १४४ मध्ये खांबांवर बारा जण होते, त्यात इझिकिएल आणि रोझिटा. मालिकेत दहा, आणि त्या दोघांना वाचवलं. दाखवायचा क्रम मुद्दाम लावलाय : सुरुवातीला ऑझी आणि ॲलेक, जे दोनच भाग आधी आलेले हायवेमन. मग डीजे, फ्रँकी. मग टॅमी, जिने ते टाकलेलं बाळ दत्तक घेतलं होतं. रॉडनी, ॲडी. मग इनिड, टारा, आणि सर्वात शेवटी कॅरलचा दत्तक मुलगा हेन्री. दर खांबाला किंमत वाढते, आणि कॅरल-डॅरिल जवळ असल्यामुळे शेवटचा कोण हे आपल्याला त्यांच्या चेहऱ्यावरून एक क्षण आधी कळतं.

कत्तल जवळजवळ दाखवलीच नाही. सिद्दीकला जिवंत सोडलं, आणि ती माणसं कशी लढली हे तो गावाला सांगतो. खांब म्हणजे अल्फाची हद्द हेही तिथेच कळतं.

आठ भागांत दहा मुंडकी परवडणार नाहीत, कारण दहा माणसं ओळखीची करायलाच वेळ नाही. चार पुरेत. त्यातली दोन भाग ५ च्या आधी किमान तीनदा काहीतरी काम करताना दिसलेली हवीत, नुसती गर्दीत उभी नकोत.

नवलेखक_८

चारांत शेवटचा कोण ठेवू, नेता की पोरगा?

कुरकुरे मास्तर

पोरगा नको. ज्याने भाग ३ मध्ये चुकीचं निदान केलं तो हुशार माणूस ठेवा. तोच पाचव्या भागात कैद्याची चौकशी करू दे, सहाव्यात बरोबर उत्तरापर्यंत पोचू दे, आणि सातव्यात खांबावर.

निशाचर

मास्तर, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. फक्त त्याने शोधलेलं उत्तर वहीत लिहून कुणाकडे तरी दिलेलं असू द्या, नाहीतर आठव्या भागात बाकीच्यांना कळप फोडता येणार नाही.